हाफिजजींची सही आणि बिननावाचं पत्रक

बिंदुसरेकाठचा मास्तर (धागाकर्ता)

गाव बीड जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

मतदानाच्या आधीचा शुक्रवार. जुम्याची नमाज झाली, चपला शोधत होतो. चपलांच्या फळीवर पत्रकांचा गठ्ठा, वरून दगड ठेवलेला. अर्धं पान, वर उर्दू, खाली मराठी. अमुक उमेदवाराला मत देणं ही आपली 'शरई जिम्मेदारी', म्हणजे शरियतने घातलेली जबाबदारी आहे, असा मजकूर. खाली सात उलमांची, म्हणजे धर्मपंडितांची नावं, पाचवं आमच्या मशिदीच्या हाफिजजींचं.

माझ्या दोन्ही लेकरांना कुराण त्यांनी शिकवलं. चष्म्याची एक दांडी तुटलीय, तिथं दोरा बांधलेला. पगार नऊ हजार. तो कमिटी घरोघर गोळा करते, त्यामुळे कापूस विकला की वेळेवर, नाहीतर वीस-बावीस तारीख. असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजेनंतर गाठलं आणि पत्रक हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांपाशी नेलं, म्हणाले, "नाम तो मेराच है मास्टरसाब. दस्तखत भी किया था. पढ्या नहीं था मैं. कागज कोरा था, बोले मस्जिद के काम का है."

कागद खजिनदाराने आणला होता. खजिनदार उमेदवाराचा ठेकेदार. आचारसंहिता लागायच्या पंधरा दिवस आधी मशिदीच्या आवारात त्याच उमेदवाराने बोअर मारून दिलं, दोनशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. स्टार्टरच्या डब्यावर त्याच्या फोटोचं स्टिकर आहे. निवडणुकीच्या पथकाने येऊन त्यावर पांढरा कागद डकवला, पण वुजू करणाऱ्यांच्या, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुणाऱ्यांच्या, ओल्या हातांनी तो चार दिवसांत निघाला.

प्रश्न असा की शरियत या सगळ्याबद्दल काय म्हणते? "मौलानांनी राजकारणात पडू नये" हे उत्तर नको. ते मला तोंडपाठ आहे, शाळेत मीच देतो.

घाटनांदूरी

वाचतोय.

मदरशातून पळालेला

मास्तर, मी चार वर्षं मदरशात काढली, आलिम झालो नाही, आता मोबाईल दुरुस्त करतो. पण तुमच्या बोअरचं उत्तर ज्या पुस्तकात आहे ते आम्हाला शिकवलं होतं. बाराव्या शतकातल्या मरगीनानींचं 'हिदाया'. हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या परंपरेतल्या, मदरशांत अजूनही घासून घेतात.

त्यात काजीने कसं वागावं यावर अख्खं प्रकरण आहे. काजीने भेट कुणाची घ्यावी? जवळच्या नातलगाची, किंवा खुर्चीवर बसण्याआधीपासून जो देत आलाय त्याची. तीही पूर्वी देत होता तेवढीच. ईदला एक किलो शेवया पाठवणारा मित्र काजी झाल्यावर पाच किलो पाठवायला लागला, तर वरच्या चार किलो परत. आणि त्याचा खटला काजीपुढे चालू असेल तर पहिली किलोसुद्धा नको.

पुढे दावतीचं. सगळ्या गावाला बोलावणं असेल तर काजीने जावं, खास दावतीला जाऊ नये. खास दावत ओळखायची कशी? काजी येणार नाही हे आधी कळलं असतं तर यजमानाने ती दिलीच नसती, ती खास. आता आपल्याकडच्या रमजानमधल्या इफ्तार पार्ट्या आठवा. आमदार येणार नाही कळल्यावर किती मंडप उभे राहतील? इथे उलटं आहे म्हणा, येणारा नेता आणि मांडणारा मौलाना. पण कसोटी तीच.

मूळ सहीह बुखारीतल्या हदीसमध्ये आहे. जकात गोळा करायला पाठवलेला माणूस परत येऊन म्हणाला, हे तुमचं आणि हे मला भेट मिळालं. पैगंबर मिंबरवर (मशिदीतल्या प्रवचनाच्या जागी) उभे राहून म्हणाले, हा आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर भेट आली असती का, बघायचं होतं.

तुमचा उमेदवार निवडणूक नसती तर बोअर मारायला आला असता का?

चिकूची बाग

मग त्या पाण्याने वुजू होतो का? खरंच विचारतोय, खोडी काढत नाही.

मदरशातून पळालेला

होतो. पाणी जमिनीचं आहे, पाक आहे. बोअर मारणाऱ्याची नियत पाण्यात उतरत नाही. आमचे उस्ताद असल्या प्रश्नांवर फार चिडायचे. म्हणायचे, लोक पाण्याचा मसला विचारतात कारण पैशाचा विचारायचा नसतो.

खंडपीठाचा वकील

कायद्याची बाजू आटोपून टाकतो. पत्रकाखाली छापखान्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता होता का? नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ लागतं. सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. धर्माच्या नावावर मत मागणं कलम १२३ (३) खाली भ्रष्ट आचरण आहे. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की धर्म उमेदवाराचा असो वा मतदाराचा, त्याच्या नावाने मतांचं आवाहन चालणार नाही.

आणि फतव्याला कायद्याचं बळ नाही, हे त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. मुळात मुफ्ती मत देतो, काजी निवाडा करतो. हा फरक शरियतचाच आहे. 'शरई जिम्मेदारी' असं लिहून सल्ल्याला हुकमाचं कातडं पांघरायचं, तिथं घोळ होतो.

बिंदुसरेकाठचा मास्तर

@वकीलसाहेब, छापखान्याचं नाव नाही. म्हणून तर बिननावाचं म्हटलं.

देवगिरीचा वाटसरू

या विषयावरची सगळ्यात भारी गोष्ट आपल्या मराठवाड्याच्या पैशावरून घडलेली आहे आणि आपल्यालाच ती माहीत नसते.

१२९६. अलाउद्दीन तेव्हा सुलतान नव्हता, कडा प्रांताचा सुभेदार. चुलत्याला, म्हणजे सुलतान जलालुद्दीनला, न सांगता देवगिरीवर चालून आला, रामचंद्रदेव यादवाकडून अमाप सोनं-मोती घेऊन गेला. त्याच वर्षी चुलत्याचा खून करून गादीवर बसला. आपण शाळेच्या सहलीत दौलताबादच्या अंधाऱ्या वाटेत "भूत! भूत!" ओरडतो आणि घरी येतो. त्या सोन्याचं पुढे काय झालं हे कुणी सांगत नाही.

पुढे एकदा त्याने बयान्याच्या काजी मुगीसला विचारलं: देवगिरीहून मी आणलेली दौलत माझी की बैतुल-मालची, म्हणजे सार्वजनिक खजिन्याची? हे इतिहासकार बरनीच्या तवारीखेत आहे. काजी म्हणाला, हुजुरांपुढे खरं बोलणं भाग आहे. ती फौजेच्या बळावर मिळाली, फौजेच्या बळावर जे मिळतं ते खजिन्याचं. तुम्ही एकट्याने रास्त मार्गाने मिळवली असती तर तुमची.

सुलतान भडकला. मी सुलतानही नव्हतो तेव्हा जीव धोक्यात घालून आणली ती खजिन्याची कशी? काजी हलला नाही. मग पुढचा प्रश्न: खजिन्यात माझा आणि माझ्या बायकापोरांचा हक्क किती? काजी म्हणाला, आता माझं मरण जवळ आलं. तीन रस्ते सांगितले. पहिल्या खलिफांच्या वाटेने जायचं तर साध्या स्वाराइतकेच, २३४ टंके. मधला रस्ता म्हणजे दरबारातल्या बड्या सरदारांइतके. आणि तिसरा दुनियादार उलमांचा: त्यांच्याहून थोडं जास्त. त्यापलीकडे घ्याल तर कयामतीला जाब द्याल.

सुलतान म्हणतो, माझ्या तलवारीची भीती वाटत नाही? काजी म्हणतो, वाटते. ही पगडीच माझं कफन धरून आलोय. पण तुम्ही शरियत विचारलीत, मी शरियत सांगितली. राज्यकारभाराच्या नजरेने विचाराल तर म्हणेन, जनानखान्यावर हवा तेवढा खर्च करा, त्यात सुलतानाचा रुबाब वाढतो.

हे शेवटचं वाक्य मी कितीदा वाचलं असेल. माणूस दोन्ही उत्तरं देतो, पण एकाला दुसऱ्याचं नाव देत नाही! मास्तरांच्या पत्रकात नेमकं तेच झालंय. "आम्हाला या उमेदवाराकडून काम होईल असं वाटतं" एवढं लिहिलं असतं तर कुणाची हरकत होती?

काजी घरी गेला, घरच्यांचा निरोप घेऊन, न्हाऊन दुसऱ्या दिवशी दरबारात आला. अलाउद्दीनने त्याला खिलत (मानाचा पोशाख) आणि हजार टंके दिले. आणि सांगितलं की शरियतमध्ये बसतं का नाही मला ठाऊक नाही, राज्याच्या भल्याचं वाटतं ते मी करतो.

जालन्याचा किडा

वाटसरू, गोष्ट मस्त, पण बरनीवर इतकं भाळू नका. त्याने तवारीख पुरी केली १३५७ मध्ये, घटनेनंतर पन्नासेक वर्षांनी, स्वतः दरबारातून बाहेर फेकला गेल्यावर. संवाद शब्दशः झाला असेल असं मानायला मी तयार नाही. शिवाय याच बैठकीत पहिला प्रश्न हिंदूंबद्दलचा होता. त्याला याच काजीने दिलेलं उत्तर वाचवत नाही. धीट होता हे खरं, पण त्याला आजच्या अर्थाने न्यायी करू नका.

देवगिरीचा वाटसरू

मान्य. पहिला प्रश्न मी गाळला, गाळायला नको होता.

कीर्तनाला जाणारा

फक्त मौलानांचंच का? आमच्या तालुक्यात सप्त्याच्या मंडपाचं बिल कोण भरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. काल्याच्या कीर्तनात महाराज मधेच थांबून "आपले भाऊ आले आहेत" म्हणतात, टाळकरी बाजूला सरकतात आणि भाऊंचा सत्कार होतो. बुवांचं मानधन आणि भाऊंचा हार एकाच थाळीतून येतो. मास्तर, तुमच्या हाफिजजींनी निदान वाचलं नव्हतं.

परळीचा पंक्चरवाला

धर्म आणि राजकारण वेगळं ठेवा. धागा बंद करा ही संपादकांना विनंती.

जालन्याचा किडा

धागा बंद करून बोअर बंद होणार आहे का?

बरं, मूळ विषय. औरंगजेबाच्या वेळचे बाप-लेक दोन काजी घ्या. १६५८-५९ मध्ये शहाजहान जिवंत, कैदेत. मुख्य काजीने म्हटलं, बाप जिवंत असताना मुलाच्या नावाचा खुतबा (जुम्याचं प्रवचन, त्यात राज्यकर्त्याचं नाव घेतात) वाचता येत नाही. तेव्हा गुजरातेतल्या पाटणचा अब्दुल वहाब पुढे आला, बाप आता राज्य करण्याजोगा राहिला नाही म्हणून चालतं, असा मार्ग काढून दिला. मुख्य काजी झाला आणि अफाट माया जमवली. तो मेल्यावर पद त्याच्या मुलाकडे गेलं, शेखुल-इस्लाम. या मुलाने बापाच्या मायेतला आपला वाटा घेतला नाही. पुढे औरंगजेबाने विजापूर-गोवळकोंड्यावरच्या स्वारीबद्दल विचारलं, तर समोरचेही मुसलमानच आहेत, ही लढाई जायज नाही, असं म्हणाला आणि पद सोडून हजला निघून गेला.

एकच घर, एकच फिकह (धर्माचं कायदेशास्त्र), एकच बादशहा. आणि हाच बादशहा बुऱ्हाणपूरच्या शेख निजामांच्या हाताखाली उलमा बसवून 'फतावा-ए-आलमगिरी' तयार करून घेत होता. काजीने कुणाची भेट घ्यावी हे त्यातही आहेच.

खुलदाबादी

आमच्या गावच्या जैनुद्दीन शिराजींना विसरलात. बहमनी सुलतान मुहम्मद शाह दारू पितो म्हणून त्यांनी त्याला मान्यता द्यायचं नाकारलं. शहर सोडा असा हुकूम झाला तर मुसल्ला (नमाजेची चटई) घेऊन गुरूंच्या, बुऱ्हाणुद्दीन गरीबांच्या, मजारीपाशी जाऊन बसले, हिंमत असेल त्याने उठवावं म्हणाले. फरिश्ता या इतिहासकाराने लिहिलंय. शेवटी सुलतानाने दारूची दुकानं बंद केली म्हणतात. औरंगजेबाची साधी कबर याच जैनुद्दीनांच्या दर्ग्यात आहे. उरूसात येणारे बहुतेक लोक कबर बघतात आणि परततात.

सय्यदा, परभणी

सगळे सुलतान आणि काजी झाले असतील तर एक बाईचं ऐका.

माझ्या खालाला, म्हणजे मावशीला, नवऱ्याने एका बैठकीत तीनदा तलाक म्हटला, १९९८ मध्ये, भाजी खारट झाली म्हणून. अब्बा एका मौलवींकडे गेले (नाव नको, ते हयात नाहीत). ते म्हणाले, असं करणं गुनाह आहे, पण तलाक पडला. मी बारा वर्षांची होते. मला एवढंच कळलं की गुनाह मौसांनी केला आणि घर खालाने सोडलं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हनफी फिकहचं जुनं मत खरंच असं आहे: पाप, तरी लागू. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात नीतीला जागा आहे, पण ती समासात. २००२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने म्हटलं की नुसतं "दिला" म्हणून तलाक होत नाही, सबळ कारण हवं, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा, आणि ते सिद्ध करावं लागेल. मध्यस्थांचं कुराणातच आहे, चौथी सूरह, पस्तिसावी आयत. ती मौलवींना पाठ असणारच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन तलाक रद्द केला. खाला तोवर शिलाई मशीनवर दोन पोरी लग्नाच्या करून बसली होती.

माझा मुद्दा असा: जरूरत (गरज), मस्लहत (लोकहित), दोन नुकसानांतलं हलकं नुकसान निवडा, ही सगळी सूत्रं उलमांकडे आहेत. निवडणूक आली की लगेच निघतात. "हा नको म्हणून तो चालेल." ती खालासाठी का नाही निघाली?

मदरशातून पळालेला

याला माझ्याकडे उत्तर नाही, सय्यदाबाजी.

औरंगपुऱ्यातला

सय्यदाताईंच्या शेवटच्या वाक्यात एक भर. मौलाना मौदूदी जन्मले आमच्या औरंगाबादेत, १९०३ साली. (आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर, पण त्यांच्या जन्मदाखल्यात बदल होणार नाही.) जमाअत-ए-इस्लामी १९४१ मध्ये लाहोरला काढली. बाईने राज्याचं प्रमुख होऊ नये हे त्यांचं ठाम मत. १९६५ ची पाकिस्तानची अध्यक्षीय निवडणूक आली, समोर लष्करशहा अयूब खान, आणि मौदूदींनी पाठिंबा दिला फातिमा जिनांना. दोन नुकसानांतलं हलकं. मला वैयक्तिक विचाराल तर निर्णय बरोबर होता. पण सूत्र किती ताणता येतं ते बघा, आणि कुणासाठी ताणलं जातं तेही.

१९४७ आधीचंही तसंच. हुसेन अहमद मदनी आणि शब्बीर अहमद उस्मानी, दोघेही देवबंदचे, दोघेही शेखुल-हिंद महमूद हसन यांचे शागीर्द. मदनींनी १९३८ मध्ये एकत्र राष्ट्रीयत्वाची बाजू मांडली, उस्मानी १९४५ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले. पुस्तकं तीच. तेव्हा 'उलमांची भूमिका' असं एकवचन वापरणं सोडून द्या राव.

जालन्याचा किडा

हीला, म्हणजे पळवाटेचा एक नमुना राहिलाच. अकबराच्या दरबारातले बडे मौलाना, मखदूमुल-मुल्क. वर्ष पुरं व्हायच्या आत संपत्ती बायकोच्या नावे करायचे, म्हणजे जकात नको, मग ती परत आपल्या नावे. तेव्हाचा इतिहासकार बदायुनी सांगतो की मेल्यावर त्यांच्या लाहोरच्या घरच्या कबरस्तानात सोन्याच्या विटा निघाल्या. इमाम अबू हनीफांनी काजीपद नाकारलं, ७६७ मध्ये बगदादला कैदेत वारले. रेशमी कापडाचा स्वतःचा धंदा होता त्यांचा, कुणाच्या पगारावर नव्हते. नाकारणं परवडत होतं, हेही लक्षात घ्या.

खंडपीठाचा वकील

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इमामांना वक्फ बोर्डांनी मानधन द्यावं. आमच्याकडे तीस वर्षं इनामाच्या केसेस चालवतोय. निजामाच्या काळापासून मराठवाड्यात मशिदींना खिदमतमाश जमिनी आहेत. अर्थ सोपा: सेवा करणाऱ्याने त्या जमिनीच्या उत्पन्नावर जगावं, म्हणजे त्याला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये. सातबारा बघायला गेलं तर निम्म्या ठिकाणी सेवा करणारा एक, कसणारा दुसरा, आणि प्लॉट पाडणारा तिसराच निघतो. मास्तर, तुमच्या मशिदीला अशी जमीन होती का, तलाठ्याकडे एकदा बघा.

मदरशातून पळालेला

वकीलसाहेबांनी नस पकडली. जुन्या हनफी उलमांच्या मते इमामत करायचे, कुराण शिकवायचे पैसे घेणंच नाजायज होतं. नंतरच्यांनी सूट दिली. कारण काय दिलं? पूर्वी बैतुल-मालमधून भत्ता मिळायचा, तो बंद झाला. आता पगार नाही दिला तर इमाम पोटामागे जाईल आणि दीन शिकवायला कुणी उरणार नाही. म्हणजे हाफिजजींच्या नऊ हजारांमागे सुद्धा 'जरूरत'चं सूत्र उभं आहे.

बिंदुसरेकाठचा मास्तर

दोन दिवस गायब होतो, माफी.

धाग्याच्या प्रिंट काढून हाफिजजींकडे घेऊन गेलो. मराठी त्यांना वाचता येत नाही, म्हणून इशाच्या (रात्रीच्या) नमाजेनंतर मशिदीच्या पायरीवर बसून मीच वाचून दाखवलं. खास दावतीचं आलं तसं त्यांनी मला थांबवलं आणि हिदायातलं ते वाक्य अरबीत पुरं म्हणून दाखवलं, डोळे मिटून. म्हणाले, "तीन साल पढाया मैं ये बाब."

मग काजी मुगीसचं ऐकलं. पगडी आणि कफनावर हसले. सय्यदाताईंचं वाचलं तेव्हा काही बोलले नाहीत, चष्म्याचा दोरा सोडून पुन्हा बांधत बसले.

मी विचारलं, खजिनदाराला सांगून नाव काढून घ्यायचं का, जाहीर सांगायचं का जुम्याला. ते म्हणाले, सांगतो. तुम्ही कमिटीच्या बैठकीत माझ्या बाजूने बोलाल? मी म्हटलं, मी कमिटीत नाही. "मालूम है," म्हणाले, "बैठक सबके लिए खुली रहती. आप एक बार भी नहीं आए."

आणि मग आत जाऊन पावतीपुस्तक आणलं. प्रत्येक घराचं एक पान. माझं पान काढून स्टार्टरच्या दिव्याखाली धरलं. २०११ पासून दरमहा पन्नास रुपये. मधे वेतनवाढी आणि सातवा वेतन आयोग होऊन गेला, आकडा तोच.

वकीलसाहेब, उद्या तलाठ्याकडे जातोय. जमिनीचा गट नंबर हाफिजजींना पाठ होता.